ढगवाले

आईला जाऊन महिना व्हायचा होता, आणि भेटायला येणारा प्रत्येकजण एकच वाक्य वेगवेगळे कपडे चढवून आणत होता. "बिचारीनं उभ्या जन्मात धड ऊन पाहिलं नाही." "चार ठिकाणं फिरणंसुद्धा नशिबात नव्हतं हो तिच्या." बाबांकडे वळून, आवाज खाली आणून, "तुमचेही दिवस काळोखातच गेले." मी चहा आणून द्यायची, रिकामे कप उचलायची आणि गप्प बसायची. ज्याच्या घरचं माणूस गेलं आहे त्याने वाद घालू नये, असा एक अलिखित नियम आहे. मी कायद्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथल्या एकाही पुस्तकात हा नियम मला सापडलेला नाही, तरी मी तो पाळत होते.

आईच्या कातडीला ऊन चालत नसे. माझ्या जन्मानंतर तो आजार उघडकीस आला. थोडं ऊन लागलं तरी गालांवर आणि मनगटांवर लाल चट्टे उठायचे, पाठोपाठ ताप यायचा, मग सांधे धरायचे. पुढे त्याच आजाराने मूत्रपिंडं पोखरली आणि ती गेली. हे सगळं खरं आहे. पण ती फिरली नाही, हे साफ खोटं आहे. या शहरात आमच्याइतकं कोणी फिरलं असेल, असं मला वाटत नाही. फक्त आम्ही ढगांच्या दिवशी फिरायचो.

त्याची आईची एक पद्धत होती. संध्याकाळी रेडिओवर हवामान ऐकायचं, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही. सकाळी गॅलरीचं दार उघडायचं आणि कठड्याची सावली फरशीवर कशी पडली आहे ते बघायचं. सावलीला कडा दिसली तर पडदे ओढायचे. कडा पुसट असली तर कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जाऊन परत यायचं. सावलीच नसली, फरशी सगळीकडे सारखी राखाडी असली, की आई आत येऊन एवढंच म्हणायची, "बूट घाला." तेवढ्याने घर जागं व्हायचं. शाळेला मी अशी किती वेळा दांडी मारली ते शाळेलाच ठाऊक.

पूर्ण बाह्यांचा झगा आणि रुंद काठाची टोपी ती तेव्हाही घालायची. पातळ ढग लबाड असतात, त्यांच्या आडून ऊन चिमटे काढतं, असं तिचं म्हणणं होतं. एका दिवसात दोनच ठिकाणं बघायची. तिसरं कोणी सुचवलं तर त्याने ते एकट्याने बघून यावं, आम्ही बाकावर बसतो. आणि वाट अशी आखायची, की ऊन निघालंच तर पळून जायला जवळ एखादं छप्पर हवं. छपरं बाबांना पाठ होती. दुकानांच्या पुढे जी कापडी छपरं असतात ना, पट्ट्यापट्ट्यांची, लोखंडी चौकटीवर ताणलेली, ती शिवण्याचा बाबांचा धंदा. जुन्या बाजारातली निम्मी त्यांच्या हातची आहेत.

आई गेल्यापासून बाबा दुकानात गेले नव्हते. मशीनवर अर्धवट शिवलेलं कापड तसंच पडलं होतं. ते जेवायचे, कारण ताट समोर यायचं. बसायचे, कारण खुर्ची होती. आणि त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याने, घराचा ताबा घेतला होता.

आत्या मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होती. निवृत्त झाली तरी समोरचं माणूस रांगेत उभं केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आल्या दिवशीच तिने पडदे काढून धुवायला टाकले आणि परत लावले नाहीत. "जरा उजेड येऊ दे घरात," ती म्हणाली. मग एके दिवशी जेवताना तिने ठरवून टाकलं, की रविवारच्या गाडीने बाबांनी तिच्याबरोबर तिच्या गावी जायचं, कायमचं. दुकान देऊन टाकायचं.

"काय रे धाकट्या?"

"हं," बाबा म्हणाले.

"आणि पोरी, तुला काय, तू तुझी मोकळी."

मी बाबांकडे पाहिलं. ते पाण्याच्या भांड्यात बघत होते. त्यांचा हा हुंकार होकाराचा नव्हता, हे मला कळत होतं. पण तो नकारही नव्हता, आणि आत्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं. ते गेले असते तर आमचं घर लोक सांगत होते तसंच होऊन बसलं असतं. काळोखात राहणारं एक कुटुंब, ज्याची अखेर सुटका झाली. मला बाबांची काळजी नव्हती असं नाही. पण त्याहून जास्त मला या वाक्याची चीड होती.

जाण्यापूर्वी बाबांना एकदा शहर दाखवायचं, असंही आत्यानेच मनावर घेतलं. जन्मभर याच शहरात राहिलेल्या माणसाला! तिने ओळखीतून गाडी ठरवली. चौक, राजवाडा, किल्ला, टेकडीवरची गच्ची, धरण, सगळं एका दिवसात. "मोकळ्या उन्हात फिरव त्याला जरा. किती वर्षं तो बिचारा घरकोंबडा होऊन राहिला." ती हे खरोखर मायेने बोलत होती. तेच जास्त अवघड होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी मला जाग आली ती कसल्याशा शांततेने. खोलीत उजेड होता, पण तो कुठूनच येत नव्हता. मी गॅलरीत गेले. फरशी सगळीकडे सारखी राखाडी होती. मी आत आले, पाणी उकळत ठेवलं, थर्मास खाली काढला, पिशवीत शाल टाकली, पाव कापायला घेतले. यातलं काहीही मी ठरवून केलं नाही.

आत्या फोन ठेवत होती. "आजचं रद्द. गाडीवाल्याला सांगितलं मी. हे काय आभाळ म्हणायचं? तोंड पाडून बसलंय नुसतं. एक फोटो धड येणार नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले. दाढी केलेली. एका हातात बूट, दुसऱ्या हातात मोठी काळी छत्री. त्यांनी माझ्या हातातल्या थर्मासकडे पाहिलं, मी त्यांच्या बुटांकडे.

"कुठे निघालात?" आत्या म्हणाली.

"फिरायला," मी म्हटलं.

"अगं, आत्ता तर मी रद्द केलं ना?"

"ते तुझं फिरणं होतं, आत्या. ते उन्हातलं."

"अजून महिना नाही झाला तिला जाऊन. बापलेक सहलीला निघालेले बघून लोक काय म्हणतील?"

"तू गाडी ठरवलीस तेव्हा लोक रजेवर होते का?"

"जीभ बघा कार्टीची! ते त्याचं मन रमावं म्हणून होतं."

बाबा स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होते. "ताई, येतेस तर चल," ते खाली बघतच म्हणाले. "पण आम्ही हळू चालतो."

ती आली. मागे राहून आमच्या पाठी बोलायला घरात कोणी नव्हतं, हेही एक कारण असावं.

पहिलं ठिकाण मी विचारलंच नाही. बाबा बसमधून उतरले आणि वनस्पती उद्यानाच्या फाटकाकडे वळले. फाटकावर कुणी नव्हतं. उन्हाच्या दिवशी तिथे शाळांच्या रांगा लागतात, आइस्क्रीमच्या गाड्या लागतात, माणसं एकमेकांच्या फोटोंत शिरतात. आज ओल्या खडीवर आमच्याच पायांचा आवाज होता.

"अगदीच कसं सुनसान," आत्या म्हणाली.

"हेच बघायला यायचो," मी म्हटलं.

बागेच्या मधोमध जुनं काचघर आहे. उंच, लोखंडी फासळ्यांचं, उलट्या होडीसारखं. उन्हात ते आतून भाजतं आणि काचांच्या लखलखाटात पानं नुसती चमकतात, दिसत नाहीत. ढगांच्या दिवशी उजेड वरून सारखा खाली झिरपतो आणि प्रत्येक पान आपापल्या रंगाचं होतं. हे आईचं निरीक्षण. ती म्हणायची, हिरवा हा एक रंग नाही, ती एक वस्ती आहे.

दाराशी खुरपं घेऊन माळी बसले होते. आम्हाला बघून ते उठले, हात पँटला पुसले. "आले आमचे ढगवाले! सकाळी आभाळ बघितलं तेव्हाच म्हटलं, आज स्वारी येणार. बाईंना कुठे सोडून आलात?"

मी तोंड उघडलं. पण बाबाच बोलले.

"ती गेली," ते म्हणाले. "महिना होईल आता."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. घरी येणाऱ्यांना ते आधीच माहीत असायचे, त्यामुळे बाबांना ते कधी उच्चारावेच लागले नव्हते.

आता ते वाक्य येणार म्हणून मी मनाची तयारी केली. ते आलं नाही.

"काय भांडायच्या हो माझ्याशी," माळी म्हणाले. "ढग आले की आम्ही आत दिवे लावतो. वरून हुकूमच आहे तसा. या बाई दारातूनच ओरडायच्या, बंद करा ते दिवे, झाडांचा अपमान करताय. मी म्हणायचो, बाई, माझी नोकरी जाईल. त्या म्हणायच्या, मग आम्ही आत आहोत तेवढा वेळ तरी जाऊ दे."

"आणि तुम्ही बंद करायचात?" आत्याने विचारलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिच्या डोक्यातली भावजय एका अंधाऱ्या खोलीत कपाळावर ओली पट्टी ठेवून पडलेली होती.

"न करून सांगतो कुणाला? एकदा तर साहेबांसमोर म्हणाल्या, तुमच्या माळ्याला डोळे आहेत, तुम्हाला नाहीत." ते बोलता बोलता आत गेले. खटके पडल्याचे आवाज आले आणि ओळीने नळ्या विझल्या. क्षणभर काहीच दिसेना. मग हळूहळू पानं वर आली, आधी फिकट, मग गर्द, मग जवळजवळ काळी.

बाबा आत शिरले आणि नेहमीच्या वाटेने चालू लागले. आई जिथे थांबायची तिथे ते थांबत होते. आत्या त्यांच्यामागे. एका मोठ्या पानाखाली ती बराच वेळ उभी राहिली. "ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. तिच्या शब्दकोशात ही मोठी पावती आहे.

दुसरं ठिकाण जुना बाजार. तिथे बघण्यासारखं तसं काही नाही, दुतर्फा दुकानं आणि त्यांच्यापुढे छपरांची ओळ. आत्याने ती याआधी कधी पाहिली नव्हती. इतक्या वर्षांत ती आली की घरी बसायची, आईच्या उशाशी, आणि परत जायची.

"ही सगळी तुझी?"

"सगळी नाही. ते निळं दुसऱ्या कुणाचं आहे. बघ कसं पोटात गेलंय." बाबांच्या आवाजात थोडा तिरस्कार होता आणि मला तो ऐकून बरं वाटलं. एका छत्र्यांच्या दुकानापुढे ते थबकले, वर बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकले. कोपऱ्यातली पितळी रिंग कापडातून सुटली होती. त्यांनी अंगठ्याने ती जागा दाबून पाहिली. "हा कोपरा पाणी धरून ठेवेल आणि एक दिवस गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ओतेल," ते दुकानदाराला म्हणाले. "मी बघतो."

"कधी?" दुकानदार म्हणाला. "तुम्ही बंद केलंय असं ऐकलं."

बाबांनी आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण म्हणालं?"

आत्या पुढे चालू लागली.

तिथून आम्ही नुसतं टेकायला नदीकाठच्या दगडी पायऱ्यांवर गेलो. थर्मासमधला चहा निघाला. पलीकडे लाँच धक्क्याला लागून डुलत होती, तिच्यात चढायला कोणी नव्हतं. पाण्याचा रंग शिशासारखा होता. आत्याने चपला काढून पाय मोकळे केले, आणि मला वाटलं, झालं, एवढंच हवं होतं.

मग ऊन निघालं.

चोरपावलांनी वगैरे नाही, एकदम. ढगाला भगदाड पडलं आणि पायऱ्या पांढऱ्याफटक झाल्या. बाबा उठले तेव्हाच मीही उठले. त्यांनी डावीकडून छत्री उघडली, मी उजवीकडून शाल पसरून धरली. हे आम्ही इतक्या वर्षांत इतक्यांदा केलं आहे, की त्याला विचार लागत नाही. आम्ही उभे होतो, आणि आमच्या दोघांच्या मधे एका माणसाएवढी जागा होती. त्या जागेवर, उघड्या दगडांवर, अगदी व्यवस्थित सावली पडली होती.

माझे हात खाली येत नव्हते. पायऱ्यांवरून एक जोडपं गेलं, आमच्याकडे वळून बघत.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीट ती छत्री, धाकट्या," ती हळूच म्हणाली. "तिला नको आता. तू घे ना रे ऊन अंगावर. इतकी वर्षं तिच्यापायी तूही काळोखात काढलीस."

मी एवढे दिवस गिळलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. कुठून सुरुवात करावी, एवढाच प्रश्न होता.

"ताई," बाबा म्हणाले, "मी काय धंदा करतो?"

"म्हणजे?"

"छपरं बांधतो. शिडीवर चढून. कुठे? उन्हात. सगळा उन्हाळा माझी मान भाजलेली असते. ऊन मी पोटभर खाल्लंय. तुम्ही सगळे मिळून खाल्लं नसेल तेवढं." त्यांचा आवाज चढला नव्हता. छत्री तशीच धरलेली होती. "आभाळ भरून आलं की दुकानाला कुलूप लावायचो आणि तिच्याबरोबर निघायचो. मला कुणी ओढून नेलं नाही. ते माझे दिवस होते. महिनाभर जो येतो तो माझ्या तोंडावर त्यांना काळोख म्हणतो, आणि मी ऐकून घेतो. आता बास. तूही म्हणायचं नाहीस."

"अरे, मी तुझ्या भल्यासाठी..."

"माहीत आहे मला. म्हणून इतके दिवस ऐकलं." ते थांबले. "रविवारी मी येत नाही."

"येत नाहीस? तिकिटं काढलीत."

"तू जा. मला जमणार नाही. रविवारी ढग आहेत."

"तुला कुणी सांगितलं?"

"काल संध्याकाळी रेडिओवर सांगितलं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते रोज संध्याकाळी आतल्या खोलीत, दार लोटून, हवामान ऐकत होते हे मला माहीत नव्हतं.

"आणि खायला कोण घालणार? ही?" आत्याने माझ्याकडे हनुवटी उडवली. "हिला पुस्तकांतून डोकं काढायला सांगितलं तर दुसऱ्या पुस्तकात घालते."

"मला येतो स्वयंपाक," बाबा म्हणाले. "ती आजारी असताना कोण करायचं?"

आत्याने चपला घातल्या, एका चपलेचा पट्टा बसेना म्हणून त्याच्यावर राग काढला. "वेडे आहात दोघंही," ती म्हणाली. "ती होती तेव्हा तिघं होतात."

"हो," मी म्हटलं. महिनाभरात मी कुणाच्या म्हणण्याला मनापासून दिलेला हा पहिला होकार होता.

बाबांनी छत्री मिटली नाही. मीही शाल खाली घेतली नाही. बसच्या थांब्यापर्यंत आम्ही तसेच चालत गेलो, मधली जागा सोडून. सावली आमच्यामधून नीट चालत होती. लोक बघत होते. बघू दे. आत्या एक पाऊल मागे होती. ऊन तिलाही लागत होतं, ती घामाने भिजली होती, आणि त्या मोकळ्या सावलीत यायला तिला कोणी अडवलं नसतं. ती आली नाही. माझ्या मनातला तिच्यावरचा बराचसा राग तिथे उतरला.

रविवारी कडक ऊन पडलं. आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. आम्ही आत्याला सोडायला स्टेशनवर गेलो. तिने बॅगा मोजून घेतल्या, खिडकीजवळची जागा पकडली, बाबांना दोनदा आणि मला तीनदा जेवणाबद्दल बजावलं, आणि मग तिला राहवेना.

"कुठे आहेत रे तुझे ढग?" ती खिडकीतून म्हणाली. "अजून वेळ गेलेली नाही. चढ."

बाबांनी मान वर करून आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, एखाद्या दुकानाचं माप घ्यावं तसं.

"येतील," ते म्हणाले.

"आणि नाही आले तर?"

"तर वाट बघू. आम्हाला सवय आहे."

गाडी हलली. आत्या हात हलवत होती आणि काहीतरी सांगत होती, बहुतेक जेवणाबद्दलच. शेवटचा डबा गेला आणि फलाटावर उन्हाचा एक लांब पट्टा उरला. स्टेशनबाहेर आलो तेव्हा सगळी माणसं अलीकडच्या फुटपाथवरून चालली होती, कारण बसचा थांबा त्या बाजूला होता. सावली रस्त्याच्या पलीकडे होती. आम्ही रस्ता ओलांडला.